३७१ अक्षरांचा रोग

कृषी प्रदर्शनात फिरताना असा एखादा स्टॉल हमखास भेटतो. रंगीत बाटली पुढे सरकवत विक्रेता सांगतो, "दादा, याने झाडाचा डीएनए सुधरते." बाटलीतलं पाणी पिऊन कुठल्याच झाडाचा डीएनए सुधारत नाही. गंमत अशी, की ज्या रेणूमुळे संत्र्याच्या झाडाचं खरोखर वाटोळं होतं किंवा भलं होतं, त्या आरएनएचं नाव अशा स्टॉलवर कुणीच काढत नाही.

आरएनए म्हटलं की बहुतेकांना कोविडची लस आठवते, नाहीतर शाळेतलं वाक्य: डीएनएचा निरोप प्रथिनं बनतात तिथे नेणारा रेणू. वाक्य चूक नाही, पण फार अपुरं आहे. पेशीतला बहुतांश आरएनए निरोप नेतच नाही, तो रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात असतो. तिथे अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, एकमेकांना जोडण्याचं मूळ रसायनही आरएनएच घडवतो. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अॅडा योनाथ यांना २००९ साली नोबेल मिळालं. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते दुसरंच, आणि ते संत्र्याच्या बगीच्यातूनच सांगता येतं.

संत्र्याला 'ट्रिस्टेझा' नावाच्या विषाणूचा रोग होतो. मावा तो पसरवतो, रोगट डोळाकाडीतूनही, म्हणजे कलमासाठी कापलेल्या काडीतूनही तो येतो. त्याचा सगळा मजकूर आरएनएमध्ये असतो, सुमारे १९,३०० अक्षरांचा. अक्षरं म्हणजे आरएनएचे चार रासायनिक घटक: 'ए', 'यू', 'जी' आणि 'सी'. कोविडच्या विषाणूचा साधारण ३०,००० अक्षरांचा. आता 'एक्झोकॉर्टिस' हा दुसरा रोग घ्या. रंगपूर लाईमच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या झाडावर बांधलेल्या झाडाची खालची साल फाटते, पापुद्रे सुटतात, झाड खुजं राहतं. त्यामागे विषाणू नाही, जीवाणू नाही, बुरशीही नाही. आहे तो फक्त आरएनएचा एक गोल धागा, सुमारे ३७१ अक्षरांचा. त्याला आवरण नाही आणि तो एकही प्रथिन बनवत नाही. अशा रेणूंना व्हायरॉइड म्हणतात. थिओडोर डायनर यांनी १९७१ साली बटाट्याच्या एका रोगामागे पहिला व्हायरॉइड शोधला, तेव्हा इतक्या लहान रेणूने रोग होतो हे पचायला अनेकांना जड गेलं.

प्रथिन बनवत नाही म्हणजे स्वतःची नक्कल काढायचं यंत्रही त्याच्याकडे नाही. मग तो झाडाचंच वापरतो. डीएनए वाचून आरएनए लिहिणारं पॉलिमरेझ-२ हे विकर (एन्झाइम) तो स्वतःकडे वळवतो आणि त्याला डीएनएऐवजी आरएनए वाचायला लावतो.

झाड मात्र हातावर हात धरून बसत नाही, आणि इथेच माझा आवडता भाग सुरू होतो. पेशीतला आरएनए सहसा एकेरी धाग्याचा असतो. लांबलचक दुहेरी आरएनए दिसला, की आरएनएवरून आरएनएच्या नकला निघताहेत असा संशय घ्यायला जागा असते. झाडाकडे 'डायसर' गटातली विकरं असतात. ती हा दुहेरी धागा मोजून कापतात. डीसीएल-४ हे विकर २१ अक्षरांचे तुकडे पाडतं, डीसीएल-२ बावीसचे, डीसीएल-३ चोवीसचे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन अक्षरं एकेरी लोंबती राहतात. मग 'आर्गोनॉट' नावाचं प्रथिन त्यातला एक धागा धरून ठेवतं आणि दुसरा टाकून देतं. आता हा झाला संशयिताचा फोटो हातात घेऊन फिरणारा हवालदार. समोर येणारा आरएनए तो त्या धाग्याशी ताडून पाहतो: 'ए'समोर 'यू', 'जी'समोर 'सी'. जुळलं की हातातल्या धाग्याच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या बरोबर समोर कात्री चालते. एवढंच नाही, झाडाचं आणखी एक विकर कापलेल्या आरएनएवरून पुन्हा दुहेरी धागे बनवतं. ते पुन्हा कापले जातात, फोटोंच्या प्रती वाढतात, आणि या छोट्या आरएनएचा इशारा शिरांमधून दूरच्या पानांपर्यंत जातो.

१९२८ साली विंगार्ड यांनी तंबाखूच्या रोगट झाडांबद्दल एक कोडं नोंदवलं होतं. खालची पानं रोगाने खराब झालेली, पण वर येणारी नवी पानं निरोगी, आणि त्यांना पुन्हा तोच रोग लावायला गेलं तर तो लागेना. झाडाच्या रक्तात प्रतिपिंडं नसतात, मुळात रक्तच नसतं. खुलासा व्हायला सत्तर वर्षं लागली. १९९८ साली फायर आणि मेलो यांनी कृमींमध्ये दाखवलं की जनुकाचं तोंड बंद करायला दुहेरी आरएनए पुरतो. त्यासाठी २००६ चं नोबेल मिळालं. १९९९ साली इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांना झाडांमध्ये ते छोटे आरएनए प्रत्यक्ष सापडले.

ट्रिस्टेझाच्या विषाणूकडे या हवालदाराला गुंगारा देण्याची सोय आहे. त्याची तीन प्रथिनं झाडाची ही यंत्रणा दाबतात. व्हायरॉइडकडे प्रथिनंच नाहीत. त्याचा भरवसा आकारावर. तो स्वतःवरच घट्ट दुमडून काठीसारखा होतो, त्यामुळे फोटो हातात असूनही त्याला ताडून पाहणं अवघड जातं. पीचच्या झाडात तर याहून वाईट घडतं. २०१२ साली उघड झालं, की तिथल्या एका व्हायरॉइडचे कापलेले तुकडे झाडाच्याच हरितलवकातल्या एका आवश्यक प्रथिनाच्या निरोपाशी जुळतात. हवालदार इमानेइतबारे घरच्याच माणसाला धरतो आणि पान पांढरं पडतं.

बगीचा असा बसायला लागला, की बांधावरच्या झाडाला काळी बाहुली, नाहीतर जुनी चप्पल टांगली जाते. नजर लागली म्हणतात. नजरेचं नाही, पण चाकूचं नक्की लागतं. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर एक्झोकॉर्टिस सहसा लक्षणं दाखवत नाही. अशा धडधाकट दिसणाऱ्या झाडाच्या काड्या कापलेल्या चाकूने पुढच्या कलमांचे डोळे (काडीवरचे कोंब) भरले, की पात्याला लागलेल्या रसातून तो पुढच्या कलमांत उतरतो. चाकू पुसून, स्पिरिट लावून किंवा क्षणभर ज्योतीवर धरून भागत नाही. ब्लीचच्या म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवला, तर आरएनए तुटतो.

आणि लागण झालेल्या जातीचं काय करायचं? फांदीच्या अगदी शेंड्यावर वाढीचा इवलासा कोंब असतो, तिथे अजून शिरा पोहोचलेल्या नसतात. विषाणू आणि व्हायरॉइड तिथे सहसा शिरत नाहीत. याचं एक कारण, निदान काही झाडांत, वर सांगितलेली कापाकापीच आहे: दुहेरी धागे बनवणारं विकर तिथे वाट अडवतं. नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत याच तत्त्वावर शेंडा कलम करतात. सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या अंशाएवढा शेंडा कापून परीक्षानळीत वाढवलेल्या कोवळ्या खुंटावर बसवतात. रोप वाढलं की त्याच्या पानांची आरटी-पीसीआर चाचणी होऊ शकते. हो, आपल्या नाकात काडी घालून केली तीच. कास्तकाराने कलमा घेताना मातृवृक्षाच्या अशा चाचणीचा अहवाल मागितला, तर नर्सरीवाल्याने रागवायचं काही कारण नाही.