ऑप्टोमेट्री व्यवसायाचे कायदेशीर नियमन : सोलापूरच्या संदर्भात

दृष्टी मोजणे, चष्म्याचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर ठरवणे, दोन्ही डोळ्यांचा परस्परांशी ताळमेळ तपासणे आणि आजाराचे लक्षण दिसताच रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे, हे ऑप्टोमेट्रिस्टचे काम होय. तो वैद्यकशास्त्राचा पदवीधर नसतो आणि शस्त्रक्रिया करत नाही. हे काम कोणी करावे, त्यासाठी कोणते शिक्षण लागावे आणि त्याची हद्द कुठे संपावी हे ठरवणाऱ्या अधिनियमांचा व नियमांचा विचार या नोंदीत केला आहे. २०२१ पर्यंत भारतात या व्यवसायासाठी देशपातळीवरील स्वतंत्र कायदा नव्हता. त्याची चौकट वैद्यक व्यवसाय, औषधे, ग्राहक हक्क, दुकाने आणि मोटार वाहने यांच्या कायद्यांनी बाहेरून आखलेली होती. ऑप्टोमेट्रिस्टने काय करू नये याचा उलगडा त्यांतून बऱ्यापैकी होत असे. त्याने काय करावे याविषयी मात्र ते फारसे बोलत नसत.

सोलापूर शहरात या व्यवसायाला गिऱ्हाईक आहे ते जवळच्या नजरेच्या कामामुळे. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणारा कामगार, घरी बसून विडी वळणारी स्त्री आणि गणवेश शिवणारा कारागीर या तिघांनाही चाळिशीनंतर हातभर अंतरावरचे दिसेनासे झाले, की त्याचा परिणाम थेट मजुरीवर होतो. अशा माणसाची गाठ सहसा चार प्रकारच्या व्यक्तींशी पडते : रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ, पदवी किंवा पदविका घेतलेला ऑप्टोमेट्रिस्ट, सरकारी रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी आणि चष्म्याचा दुकानदार. ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या दुकानात यंत्रामागे बसलेली व्यक्ती यांपैकी कोण आहे, हे गिऱ्हाईक क्वचितच विचारते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या चौघांचे स्थान अगदी वेगवेगळे आहे. शिवाय ते यंत्र नंबराचा केवळ पहिला अंदाज देते. त्यानंतर भिंगे बदलून, रुग्णाला विचारत नंबर पक्का करणे हेच खरे कौशल्य आहे, आणि नियमन हवे ते त्या कौशल्याचे.

इतर देशांत हा प्रश्न बराच आधी हाताळला गेला. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९०१ मध्ये ऑप्टोमेट्रीचा पहिला कायदा केला. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने जनरल ऑप्टिकल कौन्सिल ही नियामक परिषद स्थापन झाली. तेथे दृष्टी तपासण्याचे काम नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्ट व डॉक्टर यांच्यासाठीच राखीव आहे. भारतात शिक्षण आधी आले आणि कायदा फार मागून आला. चार वर्षांच्या पदवीचे शिक्षण १९८५ मध्ये चेन्नईत एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीपासून सुरू झाले. सरकारी यंत्रणेत १९७६ च्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने नेत्रचिकित्सा सहाय्यकाचे पद रूढ केले. महाराष्ट्रात हे कर्मचारी नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून ओळखले जातात आणि ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतून नंबर तपासणी व मोतीबिंदूच्या रुग्णांची निवड करतात. त्यांचा अधिकार सरकारी नेमणुकीतून येतो. त्यामुळे खाजगी व्यवसाय करणाऱ्या पदवीधराला ज्या नोंदणीची गरज भासत होती, तो प्रश्न या पदामुळे सुटला नाही.

महाराष्ट्राने यासाठी परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ हा कायदा केला. तो २०१६ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६ म्हणून अंमलात आला. नावातले साल आणि क्रमांकाचे साल यांतील अंतर पाहिले, की या विषयाची विधिमंडळाला किती निकड वाटत होती हे कळते. त्यानंतर संसदेने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम संमत केला आणि २८ मार्च २०२१ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा २०२१ चा अधिनियम क्रमांक १४ होय. त्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट आहेत आणि ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश नेत्रविज्ञानाच्या गटात केलेला आहे. भौतिकोपचार, प्रयोगशाळा, क्ष-किरण, आहारशास्त्र अशा क्षेत्रांसोबत एकाच छत्राखाली आल्याने काही ऑप्टोमेट्रिस्ट नाराज असले, तरी स्वतंत्र परिषदेची वाट पाहत राहण्यापेक्षा हे बरे, असे म्हणण्यास जागा आहे.

या अधिनियमाचा गाभा व्याख्यांत आहे. दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २,००० तासांचे शिक्षण घेऊन पदविका किंवा पदवी मिळवलेली व्यक्ती संलग्न आरोग्य व्यावसायिक ठरते, तर तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण घेतलेली व्यक्ती आरोग्यसेवा व्यावसायिक ठरते. बी. ऑप्टम. ही पदवी एका वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांची असल्याने ती दुसऱ्या व्याख्येकडे जाते. अधिनियमाने केंद्रात आयोग व प्रत्येक गटासाठी व्यावसायिक परिषद, आणि राज्यात राज्य परिषद अशी रचना उभी केली आहे. राज्य परिषदेकडे नोंदवही ठेवणे, व्यावसायिक आचारसंहितेची अंमलबजावणी करणे आणि नव्या संस्थांना, नव्या अभ्यासक्रमांना किंवा वाढीव जागांना पूर्वपरवानगी देणे ही कामे आहेत. राज्याच्या किंवा केंद्राच्या नोंदवहीत नाव नसताना मान्यताप्राप्त व्यावसायिक म्हणून काम करणे हा या कायद्याने दंडनीय अपराध आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दहा व्यवसायांसाठी देशभर समान असे नवे अभ्यासक्रम जाहीर केले आणि त्यांत ऑप्टोमेट्रीही होती. सोलापुरात वडिलांच्या हाताखाली दुकानात नंबर काढायला शिकलेला मुलगा कितीही निष्णात असला, तरी व्याख्या त्याला तासांच्या व प्रमाणपत्राच्या मापाने मोजते. यात अन्याय आहे असे दुकानदारांना वाटते. परंतु नंबर काढताना काचबिंदूचा संशय यायला हवा, तर तो शिक्षणाशिवाय येत नाही, ही बाजू अधिक वजनदार आहे.

वैद्यक व्यवसायाची सीमा दोन कायदे राखतात. राज्यात महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नोंदणी नसलेल्या व्यक्तीला वैद्यक व्यवसायाची मनाई करतो, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार अशा व्यवसायासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चष्म्याचा नंबर काढणे हे या मनाईत मोडत नाही असेच व्यवहारात मानले गेले आहे. पण डोळा लाल झाला म्हणून आलेल्या रुग्णाला प्रतिजैविकाचे किंवा स्टेरॉइडचे थेंब लिहून देणे ही वेगळी गोष्ट आहे. औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ‘एच’ मधील औषधे नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीच्या चिठ्ठीवरच विकता येतात, आणि ऑप्टोमेट्रिस्ट त्या व्याख्येत बसत नाही. स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास डोळ्याचा दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते, हे या निर्बंधामागील साधे कारण आहे. लहान मुलांच्या तपासणीत मात्र खरी अडचण येते : मूल डोळ्याच्या आतील स्नायू ताणून नंबर लपवते, म्हणून तो स्नायू सैल करणारे थेंब घालूनच नेमका नंबर कळतो. हे थेंब तपासणीपुरते असले तरी औषधच असल्याने अशी तपासणी नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करणे हा सुरक्षित मार्ग ठरतो. दुकानात थेंबांशिवाय काढलेला सहा-सात वर्षांच्या मुलाचा नंबर अंतिम मानू नये.

वस्तूंच्या बाबतीत कायदा अधिक काटेकोर आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या अर्थाने ‘औषध’ ठरली, आणि जोखमीनुसार त्यांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग पाडले गेले. डोळ्याच्या पारदर्शक पटलावर बसणारी कॉन्टॅक्ट लेन्स ही या अर्थाने उपकरण आहे. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने उपकरणांच्या विक्रीसाठी एमडी-४२ या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्राची सोय केली असून, महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन देते. त्यासाठी दुकानात पदवीधर, नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा बारावी उत्तीर्ण व उपकरण विक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेली व्यक्ती असावी लागते. येथे नियमनाचा तोल स्पष्ट दिसतो. पदवी कोणत्याही विषयाची चालते. ती ऑप्टोमेट्रीचीच असावी अशी अट या नियमात नाही. लेन्स कुठे व कशी साठवली हे कायदा विचारतो, पण ती कोणाच्या डोळ्यांवर कोणी बसवून दाखवली हे विचारण्यासाठी त्याला २०२१ च्या अधिनियमाकडे जावे लागते.

प्रमाणपत्रांचा विषय सोलापुरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण पुणे–हैदराबाद महामार्गावरील या शहरात मालवाहू वाहनांचे चालक मोठ्या संख्येने आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ हे अर्जदाराचे स्वतःचे घोषणापत्र आहे. त्यात चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारगाडीची नंबरप्लेट ओळखता येते का, असे विचारलेले असते. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी आणि चाळिशी ओलांडलेल्या अर्जदारासाठी नमुना १-ए लागतो आणि त्यावर नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीचीच सही चालते. दृष्टीची तपासणी ऑप्टोमेट्रिस्टने केली तरी प्रमाणपत्र तो देऊ शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दृष्टिदोषाचे प्रमाणपत्रही वैद्यकीय प्राधिकरणच देते. सवलतींसाठी ४० टक्के ही किमान मर्यादा त्याच मूल्यांकनावर ठरते. याउलट एका ठिकाणी कायद्याने दार उघडले आहे : मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ मध्ये २०११ साली झालेल्या दुरुस्तीनुसार विहित पात्रता व अनुभव असलेला तंत्रज्ञ नेत्रदात्याच्या डोळ्याचे पारदर्शक पटल काढू शकतो. नेत्रदानात वेळ कमी असतो आणि प्रत्येक वेळी नेत्रतज्ज्ञ उपलब्ध होईलच असे नसते, म्हणून ही सवलत.

जाहिरातींवर औषधे व जादूटोणासदृश उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ लागू होतो. त्याच्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू व खुपरी ही नावे आहेत, आणि ती बरी करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करता येत नाही. ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू विरघळवण्याच्या भिंतीवरील जाहिराती याच कायद्याच्या कक्षेत येतात.

शिबिरे हा सोलापूर जिल्ह्यातील या व्यवसायाचा मोठा भाग आहे. आषाढी वारीच्या काळात पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची नेत्रतपासणी व चष्मे वाटप होते. विडी कामगारांच्या वस्त्यांतही अशी शिबिरे भरतात. शिबिरात नंबर काढणारी व्यक्तीदेखील कायद्याच्या दृष्टीने तोच व्यवसाय करत असते, आणि सेवा मोफत आहे म्हणून नोंदणीची अट सैल होत नाही. दोन्ही डोळ्यांना सारख्या नंबराची तयार चाळिशी वाटणे सोयीचे असले, तरी ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही. डोळ्यांतील दाब किंवा मधुमेहाने झालेले पडद्याचे नुकसान तिच्यामुळे झाकलेच राहते. मराठीसोबत तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या आणि अनेकदा निरक्षर असलेल्या कामगारांसाठी अक्षरांऐवजी ‘ई’ चिन्हाचा तक्ता वापरणे हा येथील चांगल्या शिबिरांचा रिवाज आहे. दूरस्थ तपासणीबाबत, २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ला नोंदणीकृत डॉक्टरच देतो. रुग्णाजवळ बसलेला आरोग्य कर्मचारी त्याला फक्त साहाय्य करतो.

जागेच्या नोंदणीत फारसे गुंतागुंतीचे काही नाही. केवळ चष्म्याचे दुकान महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली येते आणि कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी सूचना पुरते. रुग्ण दाखल करून शस्त्रक्रिया होणाऱ्या नेत्रालयाला मात्र १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी लागते, आणि सोलापूर शहरात ती महापालिकेकडे होते.

चुकीचा नंबर, निकृष्ट काच किंवा नेत्रतज्ज्ञाकडे वेळेवर न पाठवल्याने झालेले नुकसान यांसाठी गिऱ्हाइकाला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा मार्ग खुला आहे. मोबदला देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केले. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. नोंदणीकृत व्यावसायिकाच्या गैरवर्तनाची तक्रार राज्य परिषदेकडे आणि लेन्स विक्रीतील उल्लंघनाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. या तिन्ही ठिकाणी बिल आणि नंबर लिहिलेला सही-तारखेचा कागद हाच मुख्य पुरावा ठरतो. अनेक दुकानांत नंबर फक्त दुकानाच्या वहीत किंवा कार्डावर राहतो, म्हणून गिऱ्हाइकाने तो तपासणीच्या दिवशीच लेखी मागून घ्यावा.