गोव्यातल्या खाटा : कोविडच्या आधी आणि नंतर

गोव्यातल्या इस्पितळांतला खाटांचा तुटवडा कोविडने जन्माला घातलेला नाही. पोर्तुगीजांनी 1842 मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा काढली, तिचंच मुक्तीनंतर गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ झालं. पुढे गोमेकॉ पणजीजवळच्या बांबोळीच्या पठारावर गेलं आणि पणजीतल्या जुन्या वास्तूत आता इफ्फी हा चित्रपट महोत्सव भरतो. म्हापशात आझिलो इस्पितळ होतं, मडगावात हॉस्पिसिओ. पण दुखणं गुंतागुंतीचं झालं की रुग्ण बांबोळीलाच पाठवायचा, हा शिरस्ता जुनाच. त्यात सावंतवाडी-दोडामार्गाकडचे आणि कारवारचे रुग्ण. 2018 च्या जानेवारीत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा सिंधुदुर्गात संताप उसळला, कारण मोठ्या आजारात तिकडच्यांचाही आधार गोमेकॉच.

25 मार्च 2020 ला गोव्यात पहिले तीन कोविड रुग्ण सापडले. मडगावचं ईएसआय इस्पितळ त्यांच्यासाठी राखून ठेवलं. एप्रिलमध्ये राज्य कोविडमुक्त म्हणून मिरवलंही. जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिल वस्तीत साथ पसरली आणि ती हवा निघून गेली. त्या काळात गरज होती ती रुग्णांना वेगळं ठेवायच्या जागेची. ती स्टेडियममध्ये आणि हॉटेलांत खाटा मांडून भागली.

मे 2021 मध्ये हिशेबच बदलला. तपासलेल्या दर दोघांत एक जण बाधित निघत होता. गोमेकॉत कशीबशी खाट मिळायची, पण प्राणवायूची खात्री नव्हती. सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणायच्या, आणि त्या बदलताना नळीतला दाब पडायचा. 11 मे रोजी पहाटे 2 ते 6 या वेळेत 26 रुग्ण दगावल्याचं खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. त्याच सुमारास 20 हजार लिटरची द्रवरूप प्राणवायूची टाकी बसली आणि सुपर स्पेशालिटी विभागाची नवी इमारत कोविडसाठी उघडली. आधी का नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

जानेवारी 2022 च्या लाटेत बाधितांचे आकडे पुन्हा भडकले, पण बहुतेक जण घरीच बरे झाले. कोविडच्या खाटा रिकाम्या राहिल्या, तरी बाकीच्या भरतच होत्या. पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, डायलिसिस, हृदयविकार हे सगळं एकदम परतलं. हॉस्पिसिओचा भार दक्षिण गोव्याच्या नव्या जिल्हा इस्पितळाने घेतला खरा. पण इमारत उभी राहते तितक्या लवकर तज्ज्ञ डॉक्टर आणि परिचारिका मिळत नाहीत. मग जिल्हा इस्पितळातून चिठ्ठी बांबोळीची, आणि बांबोळीला वॉर्डात पुन्हा ट्रॉलीवर रुग्ण.

आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. बरं होऊनही घरचे न्यायला येत नाहीत असे वृद्ध वॉर्डातच राहतात. मुलं परदेशी, घराला कुलूप. त्यांना औषध फारसं लागत नाही, लागतं ते सांभाळणारं माणूस. त्यांच्यासाठी वेगळी सोय होईपर्यंत नव्या रुग्णाची खाट तिथेच अडून राहणार.