फुकुओकांनी पंथ काढला नव्हता

गोव्यात फोंड्याकडे कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) बांधावर नैसर्गिक शेतीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतो, "तो जपानी फुकुओकांचा पंथ. प्रार्थना करतात, खत घालत नाहीत." दोन वेगळ्या माणसांची ही खिचडी वर्षानुवर्षं शिजते आहे.

पंथ काढला तो दुसऱ्याच एका जपानी माणसाने, मोकिची ओकादा (१८८२–१९५५) यांनी, १९३५ साली. तळहातातून प्रकाश देऊन शुद्धी करायची, हा त्यातला मुख्य विधी. शेतीतही शुद्धीच: रासायनिक खत नको आणि शेणखतही नको. मातीत घालायचं ते पाला-गवत कुजवून. शेण-गोमूत्राशिवाय सेंद्रिय शेती असते, हे आपल्याकडच्या बागायतदाराला पटवणं कठीणच! त्यांच्याच परंपरेतून १९७० मध्ये शिंजी शुमेईकाई ही संघटना वेगळी झाली. तिचे लोक आजही असं पिकवतात, बी स्वतःचं राखतात. जपानच्या शिगा प्रांतातल्या डोंगरात तिचं मुख्य केंद्र आहे.

मासानोबू फुकुओका (१९१३–२००८) हे वनस्पतिरोगांचे अभ्यासक. नोकरी सोडून शिकोकू या जपानी बेटावरच्या घरच्या शेतात गेले. नांगरणी बंद, भाताचा पेंढा परत शेतातच पसरायचा. वर थोडी कोंबडीची विष्ठा मात्र ते टाकत. म्हणजे 'खतच नाही' हेही त्यांच्या बाबतीत खरं नाही. त्यांचं बोलणं बुद्धाच्या, प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेच्या वळणाचं असे, म्हणून गैरसमज झाला असावा. पण दीक्षा, विधी, अनुयायांची नोंदवही यांतलं काहीच त्यांच्याकडे नव्हतं.