आईच्या दुधाचा परिणाम सोळा वर्षांनी किती उरतो?

अंगावर पाजलेली मुलं पुढे हुशार निघतात, लठ्ठ होत नाहीत, हे आपण नेहमी ऐकतो. पण श्रीमंत देशांत जास्त दिवस पाजणाऱ्या आया बहुधा जास्त शिकलेल्या आणि खाऊनपिऊन सुखी घरच्या असतात. मग फरक दुधाचा म्हणायचा की घराचा? आणि याचा छडा लावायला बाळांना मुद्दाम आईच्या दुधापासून तोडता येत नाही.

कॅनडातले बालरोग-संशोधक मायकेल क्रेमर यांच्या गटाने बेलारूसमध्ये यावर फार चांगली वाट काढली. १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहं निवडली आणि त्यांची दोन गटांत यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, विभागणी केली. एका गटातल्या डॉक्टर-परिचारिकांना स्तनपानाला मदत करण्याचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटात जुनीच पद्धत ठेवली. अशा मदतीत बारकावे असतात: जन्मल्यावर लगेच बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, दिवसरात्र तिच्याजवळच राहू द्यायचं, घड्याळाऐवजी भुकेवर पाजायचं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड न जाता भोवतीचा काळसर भागही गेला पाहिजे. नाहीतर बोंडाला चिरा पडतात, स्तन नीट रिकामा होत नाही, आणि साठून राहिलेलं दूध नवं दूध तयार होणं मंदावतं. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर असलेली बाळं मदतीच्या गटात ४३.३ टक्के होती, दुसऱ्यात ६.४ टक्के. पहिल्या वर्षात जुलाबासारखे पोटाचे संसर्ग ९.१ विरुद्ध १३.२ टक्के, इसब ३.३ विरुद्ध ६.३ टक्के. एवढा फायदा पक्का.

पुढचं चित्र संमिश्र आहे. साडेसहाव्या वर्षी दमा, अ‍ॅलर्जी, रक्तदाब यांत फरक दिसला नाही. साडेअकराव्या वर्षी लठ्ठपणातही नाही. शाब्दिक बुद्ध्यांक मात्र साडेसहाव्या वर्षी सरासरी ७.५ गुणांनी जास्त भरला. पण चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना मूल कुठल्या गटातलं हे ठाऊक होतं, त्यामुळे गुण देताना नकळत कल झुकला असू शकतो. सोळाव्या वर्षी संगणकावर चाचणी घेतली, तेव्हा शाब्दिक क्षमतेतला फरक दीड गुणाच्याही आत आला. लठ्ठपणात तर फरक दिसलाच नव्हता; म्हणूनच तो टळण्याचं आश्वासन देऊन कुणा आईवर दडपण आणू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. दोन्ही गटांतल्या सगळ्या आयांनी सुरुवातीला अंगावर पाजलं होतं. त्यामुळे ही तुलना जास्त आणि कमी स्तनपानाची आहे. अजिबात न पाजल्यास काय होतं, हे या आकड्यांवरून ठरत नाही.