दुसरा तुकडा चांगल्या कातडीतून का घेतात?

"फोड इथं आहे अन् हे कापून राह्यले तिथं, काऊन रे बाप्पा?" नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात तपासणीसाठी कातडीचे दोन तुकडे काढत होते, तेव्हा मावशीने मला हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, आणि आता वाटतं की ज्याच्या घरी अंगावर पाण्याचे फोड येणारा पेशंट आहे त्याला हे माहीत असायलाच पाहिजे.

मावशी उमरेडची, वय ४६. सुरुवातीला नुसतं तोंड आलं. आपल्याकडे उन्हाळ्यात तोंड आलं की उष्णता म्हणून मोकळे होतात, मग ताक, सब्जा, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, यात तीन महिने गेले. मग छातीवर आणि पाठीवर फोड आले, पातळ सालीचे, आंघोळीचा टॉवेल लागला तरी फुटायचे. कोणी म्हणालं नागीण, पण नागीण एका नसेच्या पट्ट्यात, बहुतेक अंगाच्या एकाच बाजूला येते, मावशीचे फोड दोन्हीकडे होते.

आता फोड म्हणजे काय तर कातडीचा एक थर दुसऱ्यापासून सुटला आणि मधल्या जागेत पाणी भरलं. वरून सगळे फोड सारखेच दिसू शकतात, पण थर नेमका कुठे सुटला यावर आजार ठरतो, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही कारण वरचा थर बहुतेक ठिकाणी कागदाएवढाच, साधारण ०.१ मिमी जाड असतो. म्हणून बायोप्सी. जागा बधिर करून साधारण ४ मिमीच्या गोल पात्याने तुकडा काढतात, एखादा टाका पडतो आणि पेशंट घरी जातो. मावशी "बायोप्सी" ऐकून कॅन्सर समजून रात्रभर झोपली नव्हती, म्हणून सांगतो, बायोप्सी म्हणजे फक्त तुकडा काढून तपासणं.

वरच्या थरातल्या पेशी फुगडी घालताना हात धरतात तशा एकमेकींना धरून असतात, आणि ही पकड डेस्मोग्लिन नावाच्या प्रोटीनची असते. पेम्फिगस या आजारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लिनविरुद्ध अँटीबॉडी (एरवी जंतूंशी लढणारी प्रोटीनं) बनवतं, पकड सुटते, पेशी गोल होऊन पाण्यात तरंगायला लागतात. सगळ्यात खालची पेशींची रांग मात्र जमिनीला घट्ट धरून उभी राहते, मायक्रोस्कोपखाली ती कब्रस्तानातल्या दगडांच्या ओळीसारखी दिसते आणि पुस्तकातही तिला तेच नाव आहे. बुलस पेम्फिगॉइड या दुसऱ्या फोडांच्या आजारात वेगळंच, तिथे पेशींची आपसातली पकड शाबूत असते पण अख्खा वरचा थर खालून सुटतो, उन्हाने फुगून फरशी उचलली जाते ना, तसा. म्हणून त्याचे फोड टणक असतात, लवकर फुटत नाहीत, आणि तो जास्त करून म्हाताऱ्या माणसांना होतो, भयंकर खाज घेऊन. हे दोन आजार वेगळे आहेत हे त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लिव्हर यांनी १९५३ मध्ये अशा तुकड्यांवरूनच दाखवलं.

तर असे दोन तुकडे लागतात. पहिला तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा घेतात, शक्यतो एक-दोन दिवसांतल्या. शिळा फोड का चालत नाही? कारण कातडी लगेच भरून यायला लागते, फोडाच्या तळाशी नवीन पेशी सरकतात, आणि खालून सुटलेला फोड मधूनच सुटल्यासारखा दिसतो. म्हणजे तुकडा खोटं बोलतो!

दुसरा तुकडा फोडाला लागून असलेल्या चांगल्या कातडीचा, साधारण १ सेंमीच्या आतला. अँटीबॉडी तिथेही चिकटलेल्या असतात, फक्त फोड अजून आलेला नसतो. फोडाच्या आत मात्र सूज आणि मोडतोड इतकी असते की त्या नष्ट होऊन गेलेल्या असू शकतात. हा तुकडा गोठवून पातळ काप करतात, त्यावर अँटीबॉडींना चिकटणारं, हिरवा चमकणारा रंग जोडलेलं द्रव्य टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत खास मायक्रोस्कोपखाली बघतात. पेम्फिगस असेल तर प्रत्येक पेशीभोवती हिरवी रेघ, अख्खी मासे पकडायची जाळीच. पेम्फिगॉइड असेल तर थराच्या तळाशी एकच सरळ हिरवी रेषा. आणि डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा तिसरा फोडांचा आजार असेल तर खालच्या थराच्या टोकांवर हिरवे दाणे, या पेशंटला खरा त्रास गव्हातल्या ग्लुटेनचा असतो, त्याला पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीवर यावं लागतं. एका हिरव्या नक्षीवरून ताटातलं अन्न बदलतं, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

पण या दुसऱ्या तुकड्याला फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडे टिकवायचं नेहमीचं द्रावण, अजिबात चालत नाही. पहिला फॉर्मॅलिनमध्येच जातो, दुसरा मात्र मिशेल मिडियम नावाच्या द्रावणात, किंवा लॅबमध्ये लवकर, साधारण २४ तासांत पोचणार असेल तर साध्या सलाईनमध्ये. फॉर्मॅलिन प्रोटीनना असं जखडून टाकतं की मग ही हिरवी तपासणी नीट होतच नाही. मावशीचं पहिल्या वेळी नेमकं हेच झालं होतं, एका हॉस्पिटलमध्ये दोन्ही तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या डबीत गेले, त्यात फोड सहा दिवसांचा, रिपोर्ट आला की निश्चित काही सांगता येत नाही. पंधरा दिवस वाया गेले आणि त्या पंधरा दिवसांत तिला पाणी गिळतानाही रडू यायचं. मला अजूनही राग येतो, कारण चूक एका डबीची होती.

दुसऱ्यांदा डॉक्टरांनी दोन डब्या घेतल्या, दोन्हींवर वेगळं लेबल. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आम्ही दुसरी डबी गाडीच्या डिकीत न टाकता हातात धरून स्वतः लॅबमध्ये नेऊन दिली. चार दिवसांनी रिपोर्ट आला: पेशींच्या मधे आयजीजी (एक अँटीबॉडी) आणि सी३ (तिच्या जोडीने काम करणारं रक्तातलं प्रोटीन), जाळीसारखे. पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्हणजे पेम्फिगसचाच एक प्रकार. त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झालं, आणि आता दर काही महिन्यांनी रक्तातली डेस्मोग्लिनची अँटीबॉडी मोजतात, त्यासाठी पुन्हा कातडी कापावी लागत नाही, हे ऐकून मावशीचा जीव भांड्यात पडला.