पार्श्वभूमी : वायवा (तोंडी परीक्षा) वर्षाच्या शेवटीच का?

इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात १८७८ ची. एमजीएम मेडिकल कॉलेज १९४८ चं. डिसेक्शन (शवविच्छेदन) टेबलाभोवती उभं करून 'ही नर्व्ह कुठली, कुठून आली?' असं विचारायची रीत जुनीच. ती का लागू पडते, हे मात्र तुकड्यातुकड्यानं कळत गेलं.

१८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउसनं निरर्थक अक्षरं पाठ करून दाखवलं, की विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच होऊन जातो. १९५३ मध्ये फिट्‌सच्या एका रुग्णाचा हिपोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी घडवणारा भाग, दोन्ही बाजूंनी काढला गेला. नवे प्रसंग त्याच्या लक्षात राहीनात, पण हाताचं कौशल्य तो शिकू शकत होता. म्हणजे टाके घालणं आणि नावं आठवणं यांच्या वाटा वेगळ्या. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांना सशाच्या हिपोकॅम्पसमध्ये दिसलं, की वेगानं संदेश दिल्यावर सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला जोड) तासन्‌तास बळकट राहतो.

वर्गासाठी मोलाचं काम याच्या पुष्कळ नंतरचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी एक उतारा काहींना पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता लिहायला लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं ४२ विरुद्ध ५६. घोकणाऱ्याला 'येतंय' असं वाटतं ते याचमुळे. २००९ मध्ये निवासी डॉक्टरांवर असाच प्रयोग झाला. सहा महिन्यांनंतर पुन्हा वाचणाऱ्यांना २६ टक्के, चाचण्या दिलेल्यांना ३९.

ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याचं, उदाहरण घ्या. पाच रूट, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड. आणि नव्या गोष्टी डोक्यात एकावेळी राहतात जेमतेम चार. सगळं एकाच स्लाइडवर टाकलं की मुलं नुसती उतरवून घेतात. पुस्तक इंग्रजी, वॉर्डात हिंदी-माळवी, घरी मराठी, हा भार आणखी वेगळा. आधी रूट आणि ट्रंकच शिकवावेत आणि तास संपताना कोऱ्या कागदावर काढायला लावावेत. मग दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्यानं पुन्हा. शिकवल्याक्षणी विचारून थांबलं तर उत्तर ताज्या ऐकण्यातून येतं, त्यानं फारसं साधत नाही. चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली नाही तर तीच पक्की होते.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात सतत मूल्यमापनाला जागा आहे. पण या फेऱ्यांना गुण ठेवू नयेत. गुण आले की मुलं आदल्या रात्री घोकून येतात आणि मधलं अंतर वाया जातं.