एक ग्रॅम कॅल्शियम म्हणजे नेमकं किती? ग्लुकोनेट आणि क्लोराइड

लेबर रूममधल्या इमर्जन्सी ट्रेवर मॅगसल्फच्या (गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट) शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचं अँप्युल ठेवलेलं असतं. नव्याने आलेल्या मुलींना मी ते हातात देते आणि विचारते, "यात कॅल्शियम किती?" बहुतेक जणी लेबल वाचून सांगतात, "दहा टक्के, दहा एमएल, म्हणजे एक ग्रॅम." पण हा एक ग्रॅम नुसत्या कॅल्शियमचा नसून क्षाराचा, म्हणजे कॅल्शियम आणि ग्लुकोनेट मिळून झालेल्या पदार्थाचा असतो. कॅल्शियम क्लोराइडच्या अँप्युलवरही हेच आकडे असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडे ही गोष्ट कापसावरून लगेच कळते. क्विंटलभर कापूस जिनिंगला नेला म्हणून क्विंटलभर रुई मिळत नाही, पस्तीस किलोच्या आसपास मिळते. बाकीची सरकी. शेतकरी म्हणूनच वजनाबरोबर उतारा विचारतो. कॅल्शियमच्या क्षारांचाही असा उतारा आहे. ग्लुकोनेटचा रेणू मोठा आणि जड, त्यात कॅल्शियम जेमतेम ९ टक्के. क्लोराइड लहान, त्यात २७ टक्के. म्हणून १० टक्के ग्लुकोनेटच्या १० एमएलमध्ये खरं कॅल्शियम ९३ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच क्लोराइडमध्ये २७२ मिलिग्रॅम. क्लोराइडचं एक अँप्युल म्हणजे ग्लुकोनेटची जवळपास तीन.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका ग्रामीण रुग्णालयात आमच्या वॉर्डातलं ग्लुकोनेट संपलं होतं. स्टोअरमधून क्लोराइड आलं आणि कुणीतरी ते त्याच जुन्या डब्यात ठेवलं. रात्री कॅल्शियम घसरलेली एक बाळंतीण आली. हाताची बोटं आखडून आत वळलेली, ओठांभोवती मुंग्या. बीपीचा पट्टा फुगवून ठेवला की मनगट आणखी वळायचं. तिची सासू शेजारी उभी राहून सांगत होती, "आमनी म्हैसले बी हाईच दिन्हं व्हतं." व्यायल्यावर जनावर बसतं तेव्हा डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात, हे त्या माउलीने गोठ्यात पाहिलेलं होतं. आदेश ग्लुकोनेटचा होता. मी सवयीने डब्यातून अँप्युल काढलं, सिरिंज भरली. सीनियर सिस्टरने माझ्या हातातून रिकामं अँप्युल घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "नाव वाच." त्या रात्री ती सिरिंज फेकली गेली आणि दुसऱ्या वॉर्डातून ग्लुकोनेट आणलं. हातावरच्या बारीक शिरेतून, तिप्पट कॅल्शियम, तेही घाईत गेलं असतं. नाडी एकदम मंदावणं, बीपी कोसळणं, हृदय थांबणं, यातलं काहीही होऊ शकलं असतं.

डोसइतकंच महत्त्व आहे शिरेचं. क्लोराइड शिरेला फार जाळतं. शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस मरतं. मी एका माणसाच्या हाताचा पंजा असा काळा पडलेला पाहिला आहे, पुढे त्याला कातडी लावावी लागली. म्हणून क्लोराइड शक्यतो सेंट्रल लाइनमधूनच, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतूनच देतात. ग्लुकोनेट त्या मानाने सौम्य, चांगल्या मोठ्या शिरेतून चालतं. पण तेही झिरपलं तर इजा करतंच, म्हणून आधी इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली बारीक नळी) सलाइनने फ्लश करून बघायचं. आणि दोन्हीपैकी काहीही स्नायूत किंवा कातडीखाली टोचायचं नाही.

मग क्लोराइड ठेवायचंच कशाला? पोटॅशियम वाढून किंवा कॅल्शियम घसरून हृदय थांबलेलं असतं तेव्हा कमी पाण्यात जास्त कॅल्शियम पोहोचवायला ते उपयोगी पडतं. ग्लुकोनेटमधलं कॅल्शियम मोकळं व्हायला यकृत लागतं, असं आम्हाला शिकवलं होतं. यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेत, जुनं काढून नवं बसायच्या मधल्या वेळात मोजलं तेव्हा समान कॅल्शियम दिल्यावर रक्तातली वाढ दोन्हींनी सारखीच झाली. म्हणजे फरक वेगाचा नाही, मात्रेचा आहे.

पोटॅशियम वाढलेल्या पेशंटबद्दल एवढंच: कॅल्शियम पोटॅशियम उतरवत नाही. ते हृदयाला काही मिनिटांत आधार देतं आणि तो अर्धा-एक तास टिकतो. तेवढ्यात पोटॅशियम उतरवायचे उपाय सुरू झालेले हवेत.

आपल्या भागात ग्लुकोनेटचं सगळ्यात मोठं काम मॅगसल्फच्या विषबाधेत. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅगसल्फ देताना प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा झटका (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो तो), श्वास आणि लघवी बघायची. गुडघ्याचा झटका गेला, श्वास मिनिटाला १६ च्या खाली आला किंवा लघवी तासाला ३० एमएलपेक्षा कमी झाली, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं. श्वास मंदावत असेल तर उतारा म्हणून १ ग्रॅम ग्लुकोनेट, म्हणजे १० एमएल, सावकाश शिरेतून, साधारण दहा मिनिटांत. नाडीवर बोट आणि असेल तर मॉनिटरवर डोळा. पेशंट डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं.

एकाच नळीचा मोह टाळायला हवा. सोडाबायकार्बबरोबर कॅल्शियमचा साका बसतो. सेफ्ट्रायाक्झोन या अँटिबायोटिकबरोबरही बसतो, म्हणून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला ही जोडी द्यायचीच नाही, आणि मोठ्यांमध्ये मध्ये लाइन नीट फ्लश करायची. रक्त चालू असलेल्या नळीत कॅल्शियम गेलं तर रक्त गोठतं.

धडगावहून घाट उतरून किंवा अक्कलकुव्याहून बाई नंदुरबारला येते तेव्हा रेफरच्या चिठ्ठीवर पुष्कळदा "कॅल्शियम १ अँप्युल दिले" इतकंच असतं. पुढच्या डॉक्टरांना त्यावरून ९३ समजायचे की २७२? मी आता चिठ्ठी घेतानाच सोबत आलेल्या सिस्टरला विचारते: ग्लुकोनेट की क्लोराइड, किती वाजता, कोणत्या हातात. आणि तो हात उघडून बघते.